हाकेला ओ देणारे यंत्र

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे गावात कुणाच्याही हाती सरकारी कागद पडला की तो आमच्या दारी येतो. “बाबू, यात का लिवलं हाय गा?” माझ्याच दाखल्यासाठी वडिलांनी तालुक्याला तीन खेपा घातल्या. दर खेपेला एक कागद कमी! तीन दिवसांची रोजी बुडाली, एस.टी.चे भाडे निराळेच.

फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य शासनाने मेटा कंपनीशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्याचे जाहीर केले. आनंद वाटला. पण सारे मुंबईनेच करावे काय? कोणत्या दाखल्याला कोणते कागद, एवढे सांगणारा चॅटबॉट आपल्या महाविद्यालयातील मुलांनी का घडवू नये?

पैशाची अडचण कुणी सांगेल. पूर्वी त्यासाठी सर्व्हर बारा महिने चालू ठेवावा लागे; म्हणजे सालगडीच! काम असो-नसो, साल द्यायचेच. 2014 साली ॲमेझॉनने ‘लॅम्डा’ सेवा आणली, ती तेंदूपानासारखी : जितके पुडे, तितके पैसे. कुणी प्रश्न पाठविला की आपला छोटासा प्रोग्रॅम जागा होतो, उत्तर देतो, थांबतो. महिन्याच्या पहिल्या 10 लाख हाका मोफत. टेलिग्रामवर बॉट नोंदवायलाही पैसे पडत नाहीत. याला ‘सर्व्हरलेस’ म्हणतात. पण यंत्र असतेच, फक्त ते दुसऱ्याच्या घरी असते. म्हणून लोकांचे आधार क्रमांक त्यात साठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे असे की, यंत्राने मनचे उत्तर रचू नये. माणसाचा प्रश्न ओळखावा आणि आपण तपासून ठेवलेली यादीच काढून द्यावी. यादीत नसेल तर “ठाऊक नाही” म्हणावे. चुकीच्या उत्तराने यंत्राचे काही जात नाही. माणसाची रोजी जाते.

आणि भाषा? गडचिरोलीच्या कितीतरी घरांत आजी गोंडीच बोलते. केंद्र शासनाच्या 2025 च्या ‘आदि वाणी’त गोंडीला स्थान मिळाले आहे. आपल्या बॉटने निदान ध्वनिमुद्रित गोंडीत उत्तर द्यावे. आपल्या वर्गात गोंडी बोलणारे मित्र आहेत. त्यांच्याहून थोर तज्ज्ञ कोठून आणणार?

मित्रहो, नेटवर्क नसलेल्या गावात हे यंत्र मुकेच राहील. तेथे कागद वाचून दाखवायला आपल्यालाच जावे लागेल. शिकलो ते त्यासाठीच ना?