दोन तासांत अमेरिका!

समजा, यवतमाळच्या एका घरातली ताई अमेरिकेला निघालीय. तिच्या तिकिटावर छापलंय : दिल्लीहून पहाटे ४, सॅन फ्रान्सिस्कोला सकाळी ६. तारीख तीच, महिना ऑक्टोबर. धाकटा भाऊ म्हणतो, "दोनच तास? अगं, नागपूरला एस.टी.नं जायला याहून जास्त वेळ लागतो!" आजी मात्र घड्याळासमोर बसलेली. सात वाजले, आठ वाजले, पोरीचा फोन कसा नाही? तिच्या घशाखाली चहा उतरत नाही.

दोस्तांनो, आजीची काळजी तुम्ही मिनिटभरात मिटवू शकता. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. तिकडे उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असतं. (हिवाळ्यात साडेतेरा.) तिथले सकाळचे ६ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा. पहाटे ४ पासून मोजा : साडेचौदा तास! आजीला सांगा, फोनची वाट दिवेलागणीनंतर बघायची.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, फसाल. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि एक दोरा. आधी दोरा विषुववृत्तावर गुंडाळा. तो ८० सें.मी. भरला, तर पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० कि.मी., म्हणून १ सें.मी. म्हणजे ५०० कि.मी. मग दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरा. गंमत बघा, तो युरोपकडे वळतच नाही! सैबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असा वरून जातो. भरेल पावणेपंचवीस सें.मी.च्या आसपास, म्हणजे जवळजवळ १२,४०० कि.मी.

पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही. एअर इंडियाची ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जाई. सुमारे १३,९०० कि.मी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० कि.मी. झालं, तरी वेळ जवळजवळ दोन तासांनी घटला! कारण वारा. एवढ्या उंचीवर जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पश्चिमेला जाताना ते विमानाला अडवत. पूर्वेला जाताना ढकलू लागले. १५,३०० ला साडेचौदानं भागा : ताशी १,०५५ कि.मी.! सायकलवरून वाऱ्याच्या तोंडाशी गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता तुमची पाळी. ताई परत येताना, समजा, ऑक्टोबरातल्याच एका सोमवारी तिथल्या सकाळी १० ला निघाली आणि प्रवासाला १६ तास लागले. दिल्लीत ती कोणत्या वारी, किती वाजता उतरेल? आजीला पुरणपोळ्या कधी करायच्या ते ठरवायचंय. उत्तर पुढच्या अंकात!