डॅशबोर्डातला सनईवाला
गेला आठवडाभर माझी २३ वर्षांची गाडी माझ्याबरोबर गात होती. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘कुंईऽऽ’, पाय काढला की सूर खाली. डॅशबोर्डात कुणी शिकाऊ सनईवाला बसवलाय जणू. ॲक्सेसरीवाल्याने बघताक्षणी ‘साहेब, सेटच बदला’ म्हटलं. दाढ दुखली की हे लोक डोकं बदलायला सांगतील! घरी येऊन सेटमागची एरियलची पिन उपटली. स्टेशन गेलं, शिट्टी चालूच. म्हणजे ती हवेतून नव्हे, अल्टरनेटरकडून वायरीतून येत होती. (पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्‌झवर येणारी टकटक वेगळी, ती स्पार्क प्लगची, मीडियम वेव्हला जास्त बाधते, एफएमला कमी.) खरखर आली की आधी अर्थिंग बघायचं, सेट सगळ्यात शेवटी. सेटची अर्थिंगची काळी वायर धरून मागे गेलो, तर तिचं टोक चक्क रंगावर आवळलेलं! पॉलिश पेपरने रुपयाएवढा पत्रा चकचकीत घासला, स्क्रू पिळला, सनईवाला गप्प. आता मात्र इतके दिवस त्याच्याखाली दबलेली मागच्या दाराची खडखड स्पष्ट ऐकू येतेय.