विमानाच्या दाराशी उतरंड

अमेरिकेतील विमानतळांवर विमानात प्रवेश देण्याची वेळ जवळ आली की, शे-दीडशे उतारू दाराशी दाटी करून उभे राहतात. बहुतेकांचे आसन ठरलेले असते आणि मागे राहिल्याने ते जाणार नसते. तरीही ही घाई निष्कारण नसते. डोक्यावरील कप्प्यात पिशवी मावेल एवढी जागा मिळविण्यासाठी ही धडपड असते, आणि या जागेची टंचाई बव्हंशी कंपन्यांनीच निर्माण केली आहे. २००८ साली इंधनाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने विमानाच्या पोटात जाणाऱ्या पहिल्या नगावरही पंधरा डॉलर आकार बसविला. इतर बड्या कंपन्यांनी तिचा कित्ता गिरविला आणि उतारूंनी साहजिकच सामान हाती घेतले.

या गर्दीला शिस्त लावण्यासाठी म्हणून उतारूंचे गट पाडले जातात. याच कंपनीने २०१७ साली एक ते नऊ अशी उतरंड रचली. आधी वरच्या वर्गाचे उतारू, मग नेहमीची गिऱ्हाइके आणि कंपनीचे क्रेडिट कार्ड बाळगणारे, तर अगदी शेवटी सर्वांत स्वस्त तिकीट घेणारे! २०२४ साली, गट पुकारण्याआधी पुढे घुसणाऱ्याचा पास तपासताच यंत्राने आवाज करावा, अशीही तजवीज झाली. जे विकले आहे त्याची राखण करणे ओघानेच आले.

मात्र हे सारे वेळ वाचविण्यासाठी चालले आहे, हा दावा टिकणारा नाही. जेसन स्टेफन या भौतिकशास्त्रज्ञाने २००८ साली या प्रश्नाचे गणित मांडले. पुढे ७२ उतारूंना घेऊन विमानाच्या प्रतिकृतीत प्रयोग झाला. लगतच्या ओळींचे गट पाडून सोडले तेव्हा जवळजवळ सात मिनिटे लागली; वाटेल तसे सोडले तेव्हा पाचांहून कमी, आणि स्टेफन यांच्या क्रमाने साडेतीनच्या आसपास. कारण उघड आहे. खरी अडचण मधल्या अरुंद वाटेची असते. शेजारशेजारच्या ओळींतील माणसे एकदम आत आली की एकजण पिशवी वर चढवितो आणि बाकीचे ताटकळतात. ती निरनिराळ्या ओळींत विखुरली तर अनेकांचे सामान एकाच वेळी वर जाते. युनायटेड एअरलाइन्सने २०२३ च्या ऑक्टोबरात खिडकीकडील उतारूंना आधी, मधल्यांना नंतर व वाटेकडील उतारूंना शेवटी सोडण्याची पद्धत पुन्हा आणली. तिने दोन मिनिटांपर्यंत वेळ वाचेल, असा कंपनीचा अंदाज होता. पण ही सुबुद्धी खालच्या गटांपुरतीच. वरच्यांचा अग्रमान अबाधित राहिला.

जादा पैसे मोजणाऱ्यास रुंद आसन द्यावे, त्याला कोणी हरकत घेणार नाही. मात्र आधी टंचाई निर्माण करून मग तीतून सुटका विकणे, हा निराळाच व्यापार झाला. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण साउथवेस्टचे. १९७१ पासून ही कंपनी कोणाचेही आसन राखून न ठेवता विमाने चालवीत आली होती आणि सामान फुकट नेण्याचा तिला अभिमान होता. २०२५ च्या मे महिन्यात तिने सामानावर आकार बसविला, तर २०२६ च्या जानेवारीत आसने ठरवून देण्यास व उतारूंचे नवे गट पाडण्यास आरंभ केला. जास्त वेळ लागणाऱ्या अपंगांना आधी प्रवेश देण्याचे बंधन अमेरिकी नियमांनी कंपन्यांवर घातले आहे, हे योग्यच झाले. उरलेल्यांसाठी एक नग विनामूल्य पोटात घेतला, तरी दाराशी होणारी निम्मी झुंबड आपोआप ओसरेल. तसे करावयाचे तर एका किफायतशीर आकारावर पाणी सोडावे लागेल, आणि कंपन्यांची तयारी नेमकी तेथेच संपते.