अपघाताचे व्याकरण

द्वितीय वर्षाच्या वर्गाला प्रयोगविचार शिकवताना मी पाठ्यपुस्तकातील उदाहरणांऐवजी बातम्यांतील वाक्ये घेतो. ‘राम आंबा खातो’ने भिवंडीतल्या मुलांचे फारसे भले होत नाही, असे माझे मत आहे. असो. मागील सत्रात फळ्यावर ‘गर्डर कोसळला’ हे वाक्य लिहिले. कर्ता गर्डर, क्रियापद अकर्मक, प्रयोग कर्तरी. सुट्टीच्या दिवशी गोदामाच्या साइटवर बिगारी म्हणून जाणारा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, गर्डरनं काय केलं? तो तर कुणीतरी वर चढवला होता.”

व्याकरणाच्या चौकटीत माझे उत्तर बरोबर होते, परंतु त्याचा प्रश्न त्या चौकटीत मावणारा नव्हता.

ते वाक्य ज्या घटनेवरून आले ती आमच्याच जिल्ह्यातली. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना गर्डर आणि तो चढवणारी अवजड यंत्रणा खाली आली आणि वीस जणांचा बळी गेला. त्यानंतर चाळीस दिवसांनी, १० सप्टेंबरला, ठाण्यात बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचे काम आटोपून उतरणारे सात कामगार लिफ्ट कोसळून मरण पावले. दोर तुटला, असे सांगण्यात आले. आता, माणसांची ने-आण करणाऱ्या लिफ्टला दोर तुटला तरी ती जागीच धरून ठेवणारा ब्रेक असावा लागतो. म्हणजे ‘दोर तुटला’ हे घटनेचे वर्णन झाले, कारण नव्हे. ब्रेक का लागला नाही, तो शेवटचा कोणी व कधी तपासला, या प्रश्नांपर्यंत आपले वाक्य पोहोचतच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये भिवंडीत मेट्रो-५ च्या कामावरून लोखंडी सळई खाली आली आणि रिक्षातून जाणाऱ्या तरुणाच्या डोक्यात घुसली. कंत्राटदाराला ५० लाखांचा दंड झाला. तो योग्यच होता. परंतु ती सळई वर काम करणाऱ्या एखाद्या फिटरच्या पायात घुसली असती, तर आपल्याला ती बातमी तरी कळली असती काय, अशी शंका मला तेव्हापासून छळते आहे.

कायदा नव्हता असे नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत बांधकामासाठी हा आकडा अडीचशेवर आला. ही सुधारणाच होय. मात्र माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामाच्या छपरावर पत्रे चढवणारी टोळी वीस-पंचवीस जणांची. वर मालक, त्याखाली ठेकेदार, त्याखाली मजूर पुरवणारा, शेवटी मुकादम. हजेरी मुकादमाच्या खिशातल्या डायरीत. अशा ठिकाणी अडीचशे काय नि पाचशे काय! माझ्या विद्यार्थ्याच्या साइटवर सेफ्टी बेल्ट मिळतात. ते अडकवायला छपरावर दोर मात्र नसतो. बेल्ट कमरेला बांधून माणूस तसाच पत्र्यावर चालतो.

यावर हमखास येणारे उत्तर असे की, ‘मजूरच हेल्मेट घालत नाहीत.’ वाचकांनी या वाक्याची रचना पाहावी. इतका वेळ गर्डर कोसळत होता, दोर तुटत होता, सळई पडत होती; दोष मजुराकडे जाताच मात्र भाषेला हाडामांसाचा कर्ता लगेच सापडतो. हेल्मेट घातले जात नाही हे खोटे नाही. पण मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर, चौरस फुटाच्या दराने मजुरी ठरलेली असताना, बेल्टचा हूक जागोजागी काढून अडकवण्यात गेलेला वेळ कोणाच्या खिशातून जातो? ज्याने तो दर ठरवला त्याने बेल्ट न लावण्याचीही किंमत ठरवली आहे.

त्या तासाच्या शेवटी मी वर्गाला तीच वाक्ये प्रयोजक क्रियापद वापरून लिहायला सांगितली: कोसळवणे, पाडणे, तोडणे. बहुतेकांच्या वहीत कर्त्याच्या जागी नुसती रेघ होती.

निवासी प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्रमांक छापावा लागतो, कारण घर घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये. तेवढ्याच ठळकपणे प्रत्येक साइटच्या फाटकावर, गोदाम असो वा मनोरा, मराठीत आणि हिंदीत तीन गोष्टी लिहिणे सक्तीचे का असू नये? लिफ्ट आणि परांची शेवटची तपासल्याची तारीख, तपासणाऱ्याचे पूर्ण नाव आणि धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार ज्याला आहे त्याचा दूरध्वनी क्रमांक. खर्च एका पत्र्याचा आणि रंगाच्या डब्याचा. विरोध झाला तर तो खर्चामुळे होणार नाही.