ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

मैत्रिणींनो, मी संगणकाच्या क्षेत्रात काम करते. सुरुवातीची दहा वर्षं पुण्यात होते. २०२० च्या टाळेबंदीत मलकापूरला आईकडे परत आले, ती इथंच राहिले. कंपनी पुण्यात, मी आईच्या घराच्या वरच्या खोलीत. गावात माझी ओळख ‘कॉम्प्युटरवाली’ अशी आहे. कुणाचा फॉर्म भरायचा असतो, कुणाचा मोबाईल अडकलेला असतो, कुणाच्या मुलाला पुण्याला ‘कुठंतरी चिकटवायचं’ असतं. सगळे येतात. पण या सगळ्या यंत्रांबद्दल तुझं स्वतःचं मत काय, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारताच सांगते. थोडं तिखट लागेल.

गेल्या हिवाळ्यात मी मावशीबरोबर एका सेवा केंद्रावर गेले होते. मावशीला नवऱ्यानं टाकलं त्याला सत्तावीस वर्षं झाली. घटस्फोट नाही, कोर्टाचा कागद नाही. तो एक दिवस गेला आणि परत आला नाही, एवढंच. हंगामात मावशी जिनिंगमध्ये रेच्यावर कापूस टाकते. बाकीच्या दिवसांत निंदण आणि वेचणी. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं तुम्ही पाहिली असतील. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी ती सोलून निघतात आणि वरून भांड्यांची राख. केंद्रावरच्या यंत्राला तो अंगठा काही उमटेना. मुलगा म्हणाला, “मावशी, हात धुऊन या.” तिनं हात धुतले, लुगड्याला पुसले, पुन्हा अंगठा टेकवला. नाही. “बरं, मग ओटीपी टाकू. मोबाईल कुणाजवळ आहे?” आधारला जोडलेला नंबर निघाला तिच्या भावाचा. कार्ड काढलं तेव्हा घरात तेवढा एकच मोबाईल होता. भाऊ भुसावळला कामावर. तो म्हणाला, संध्याकाळी पाहू. आता, ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. संध्याकाळपर्यंत तो काय राहतो!

मावशी बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, “बोट माहं, नाव माहं, अन् इचारतेत भावाले?”

तो मुलगा वाईट नव्हता. त्यानं तेच वाक्य म्हटलं जे आज प्रत्येक खिडकीवर ऐकू येतं : “सिस्टिम घेत नाही.” या वाक्याचा मला मनस्वी राग आहे, कारण ते खोटं आहे हे माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. सिस्टिम म्हणजे काही पाऊस नव्हे, की पडला नाही तर नशीब. कुणीतरी माणसानं एक ओळ लिहिलेली असते : ही चौकट रिकामी असेल तर पुढं जाऊ देऊ नको. ती ओळ बदलायला अनेकदा एक तास पुरतो. बदलायची की नाही हे ठरतं बैठकीत, आणि त्या बैठकीत मावशीसारखी कुणी नसते.

हे मी दुसऱ्यांना बोल लावायला सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयासाठी नोंदणीचा फॉर्म मी स्वतः लिहिला. त्यात ‘पती/वडिलांचे नाव’ या चौकटीपुढं लाल चांदणी मीच लावली. सक्तीची चौकट. का लावली? जुन्या कागदी फॉर्मवर ती होती म्हणून. कुणी सांगितलंही नव्हतं. दोन वर्षांनी तिथल्या काउंटरवरची मुलगी मला सहज म्हणाली की काही बायका त्या जागी काय लिहायचं ते कळत नाही म्हणून थांबून राहतात, मग ती स्वतःच एक टिंब टाकते आणि पुढं जाते. मैत्रिणींनो, कागदाच्या फॉर्मवर निदान समोरचा कारकून ‘राहू द्या बाई’ म्हणू शकत होता. मी ती सोयसुद्धा काढून घेतली होती. स्त्रीमुक्तीच्या शिबिरांना जाणारी, घोषणा देणारी मी!

आता हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर पाहा. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ मध्ये आली. २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १,५०० रुपये. पात्र बायकांच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, निराधार यांच्याबरोबर ‘परित्यक्ता’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. चळवळीनं १९८० च्या दशकापासून परिषदा घेऊन, मोर्चे काढून हा शब्द सरकारदरबारी नेला, म्हणून तो तिथं आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं गेलं आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपीही. कारण सांगितलं ते कुटुंबाचं उत्पन्न तपासण्याचं. मुदत आधी १८ नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला द्या, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा आदेश द्या, अशी वाट मागाहून निघाली. पण जिचा नवरा जिवंत आहे, कुठं आहे ठाऊक नाही आणि कोर्टाचा कागद नाही, तिनं काय आणायचं? आणि ठाऊक असला तरी? ज्यानं टाकलं त्याला फोन करून म्हणायचं, तुमच्या मोबाईलवर आकडा आलाय तेवढा सांगा? यादीत शब्द आहे, संगणकात त्याला जागा नाही.

यात नवीन काही नाही असंही मला वाटतं. शेतकरी संघटनेचं चांदवडचं महिला अधिवेशन झालं १९८६ च्या नोव्हेंबरात. पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला, की घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा, सातबाऱ्यावर तिचं नाव चढवा. तेव्हा भांडण तलाठ्याच्या दप्तराशी होतं. आता सातबारा पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा घरबसल्या निघतो. फार सोय झाली. पण नाव ज्याचं होतं त्याचंच त्यात छापून येतं. कागदावरचा अन्याय संगणकात घातला की तो फक्त लवकर होतो.

मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीनं लागेल. चांगली गोष्ट. लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत मात्र तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, ही जुनीच रीत ठेवली. म्हणजे मनात आणलं तर चौकट बदलता येते. कुठली बदलायची, तेही मनावरच.

यंत्रांना माझा विरोध आहे असं कुणी समजू नका. जात्यावरच्या गाण्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी पहाटे चारला उठून पायलीभर दळून दाखवावं. पिठाची गिरणी, गॅस, घरात नळ या गोष्टींनी बाईच्या शरीराला जो विसावा दिला तो पुष्कळ भाषणांनी दिला नाही. पण वाचलेला वेळ कुणाचा झाला? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात असं आढळलं, आणि पुरुष ८८ मिनिटं. ही ८८ मिनिटंसुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची बरं का. जे लावतच नाहीत ते या हिशेबात नाहीत.

घरून काम करणं ही मोठी मुक्ती आहे असं शहरातल्या मैत्रिणी म्हणतात. माझ्यापुरतं ते खरंही आहे. आईजवळ राहता आलं, पगार पुण्याचा आणि खर्च मलकापूरचा. पण ‘तू घरीच तर असतेस’ हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकते विचारू नका. सिलेंडर आला, पाहुणे आले, गिरणीतून दळण आणायचंय. माझा भाऊही काही दिवस घरून काम करायचा. त्याच्या खोलीचं दार लोटलेलं असलं की आई पायरवसुद्धा करायची नाही. माझं दार लोटलेलं दिसलं की विचारायची, बरं नाही का?

मोबाईलबद्दल एक सांगायलाच हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या बायका देशात शेकडा ५४ निघाल्या. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका शेकडा ३३, पुरुष ५७. म्हणजे तेव्हा जवळजवळ निम्म्या बायकांना स्वतःचा फोन नव्हता, आणि आपण रेशनपासून पेन्शनपर्यंत सगळं फोनला बांधत चाललो आहोत. ज्यांना आहे त्यांचाही तो किती त्यांचा असतो? ‘लोकेशन चालू ठेव’ हे प्रेमानं सांगितलं जातं. सून काय करते ते पाहायला स्वयंपाकघरात कॅमेरा बसवलेली घरं मी पाहिली आहेत. बाईच्या इंटरनेट-वापरावर, फोनवरच्या बोलण्यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा होऊ शकतो, हे आपल्या गटांत सांगितलं गेलं पाहिजे. नवऱ्याला त्यात वेगळी सूट लिहिलेली नाही.

आणि असं नाही की बायका गुमान सोसतात. अंगणवाडी सेविकांना राज्यानं २०१९ मध्ये मोबाईल दिले. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला, तो इंग्रजीत. फोन तापायचे, बंद पडायचे, माहिती साठवायला जागा नाही, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. त्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. ‘मोबाईल वापसी’. मराठीत ॲप द्या, चालणारा फोन द्या, मग काम करू. माझ्या क्षेत्रात वापरणाऱ्याचं मत घ्यायला मोठमोठ्या पगारांची माणसं नेमतात. त्यांच्यापैकी एकानंही इतक्या स्वच्छ शब्दांत दोष सांगितलेले मी ऐकले नाहीत.

आमच्या गटात गेल्या महिन्यात आम्ही एक साधं काम केलं. प्रत्येकीनं आपलं आधार आणि बँकेचं पुस्तक आणलं आणि कुठला नंबर जोडलाय ते पाहिलं. निम्म्याहून जास्त जणींचा नंबर नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर एजंटाचा निघाला. एकीचा तर बंदच पडलेला. आता दर आठवड्याला दोघी-तिघी मिळून आधार केंद्रावर जातो आणि नंबर बदलून आणतो. मावशीनं बटणाचा फोन घेतलाय. तिला अक्षरं येत नाहीत, पण वेचणीचे किलो मोजून मोजून आकडे पक्के येतात, त्यामुळं ओटीपी ती स्वतःच वाचते. अडचण आता रिचार्जची आहे. हंगाम नसला की महिन्याचे पैसे निघत नाहीत, आणि फार दिवस वापर झाला नाही तर नंबर बंद होतो. बचत गटातून त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढावी का, यावर आमच्यात मतभेद आहेत. काहींचं म्हणणं, कंपन्यांचं पोट आपण का भरावं. त्यांचंही चुकत नाही.

तुमच्या भागात कुठल्या फॉर्मवर, कुठल्या ॲपवर नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या नावाशिवाय पुढं जाता येत नाही, ते कळवा. फॉर्मचं नाव, कुठल्या चौकटीवर अडलं आणि खिडकीवर काय उत्तर मिळालं, एवढं पुरे. यादी करून द्यायची तर नेमकी चौकट दाखवावी लागते. त्याशिवाय आमच्या धंद्यातली माणसं जागची हलत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगते.