टेबलाखालचा बॉम्ब आणि कपाटातला मित्र

परवा मावसभावाचा फोन आला. नाशिकला मीडियाचं शिकतोय, शेवटचं वर्ष. आवाजात नुसता उत्साह! "ताई, प्रोजेक्टला शॉर्टफिल्म करतोय. सस्पेन्स! एंड असला खतरनाक आहे ना, शेवटच्या सेकंदापर्यंत कुणाला काही कळणारच नाही!"

मी मनात म्हटलं, झालं! म्हणजे शेवटच्या सेकंदापर्यंत सगळे झोपणार.

कुचकट वाटलं ना? पण मंडळी, हे अनुभवाचे बोल आहेत. माझ्याकडे एक जुनी हार्डडिस्क आहे. मास कॉम केलेल्या प्रत्येकाकडे असते तशी. कुणी उघडतही नाही आणि टाकवतही नाही. तिच्यात 'किल्ली' नावाचा फोल्डर आहे. आत 'फायनल', 'फायनल २' आणि 'आता मात्र खरंच फायनल' अशा तीन फाइली. पहिलीत आणि तिसरीत फरक फक्त एका शॉटच्या जागेचा. पण त्या एका शॉटपायी मी एक मैत्रीण जवळजवळ घालवून बसले होते.

तर झालं असं. साल 2018, पुणे, एम.ए.चं दुसरं वर्ष. सहा जणांचा ग्रुप, दहा मिनिटांची फिल्म आणि वर्गणी काढून जमवलेले सहा हजार रुपये. आता असल्या बजेटमध्ये सगळ्यांना सस्पेन्सच का सुचतो? कारण तो स्वस्त वाटतो! एक घर, दोन माणसं, रात्र आणि अंधार. गाणी नकोत, गर्दी नको. शिवाय थोरामोठ्यांचे दाखले तयारच असतात. यश चोप्रांनी 1969 साली 'इत्तेफाक' एकाही गाण्याशिवाय केला. रामगोपाल वर्माचा 1999 चा 'कौन' तर एक बंगला आणि तीन माणसांवर उभा आहे. मग आम्हाला का नाही जमणार? (हा प्रश्न आम्ही एकमेकांना रोज विचारायचो. उत्तर कुणीच दिलं नाही.)

गोष्ट आम्हाला आमच्याच मैत्रिणीकडून मिळाली. ती पहिल्या वर्षी एका ठिकाणी पीजी म्हणून राहायची. एकदा कॉलेजातून आली तर खोलीतल्या वस्तू हललेल्या. पुन्हा एकदा तसंच झालं. मग कळलं की घरमालकांच्या नात्यातल्या कुणाकडे खोलीची दुसरी किल्ली आहे आणि ती नसताना तो येऊन जातो. तिने आठ दिवसांत खोली सोडली. हे तिने मला एकदा रात्री, चहाचा रिकामा कप हातात फिरवत सांगितलं होतं. मी म्हटलं, "अगं, याच्यावर फिल्म करूया ना! तूच कर रोल." थोडा वेळ गप्प बसली आणि 'हो' म्हणाली.

कथा सरळ होती. मुलगी रात्री घरी येते, कपडे बदलते, मॅगी करते, आईशी फोनवर बोलते. मध्येच काहीतरी वाजतं. ती कपाट उघडून बघते, आत कुणी नाही. मॅगी संपते. आणि अगदी शेवटी कॅमेरा दाराकडे जातो, तर आतल्या खिळ्याला दुसरी किल्ली लटकलेली! म्हणजे कुणीतरी मघापासून घरातच आहे. कट. काळा पडदा. टाळ्या!

निदान आम्ही टाळ्या धरून चाललो होतो.

फ्लॅट मिळाला कोथरूडला. ग्रुपमधल्या एकाच्या आत्याचा. आत्या अमेरिकेला लेकीकडे. ऑगस्ट महिना, म्हणजे पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव जोरात. जवळच्याच मैदानावर पथक. हिरॉइन दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात जातेय आणि मागे धडाड-धूम! त्यामुळे रोज रात्री दहानंतरच शूटिंग. त्यातही शिकण्यासारखं बरंच निघालं. फ्रिजची घरघर आपल्या कानाला जाणवत नाही, रेकॉर्डरला मात्र बरोबर ऐकू येते. म्हणून फ्रिज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे घरी जाताना तो चालू करायला विसरत नाही. ट्यूबलाइट पडद्यावर फडफडायला लागली तर शटर 1/50 वर आणायचं, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. आणि निघण्यापूर्वी एक मिनिटभर सगळ्यांनी चिडीचूप बसून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. एडिटिंगला ती शांतताच संवादांमधली भोकं बुजवते.

हे सगळं मी मन लावून केलं. आणि मग डिरेक्टर म्हणून माझ्या अंगात आलं.

कपाट उघडायच्या सीनला तिचा चेहरा मला 'खराखुरा' घाबरलेला हवा होता. थोर दिग्दर्शक नटांना अंधारात ठेवून असलं काहीतरी काढून घेतात, असं कुठेकुठे वाचलेलं. मग मी प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या मित्राला गुपचूप कपाटात बसवलं. तिला सांगितलं नाही. कॅमेऱ्यावरच्या मित्रालाही नाही, त्याने उगाच 'नको' म्हटलं असतं.

अॅक्शन! तिने दार उघडलं. आतला 'भो' करून पुढे आला.

ती जी किंचाळली ना, ती किंचाळी मला आजही ऐकू येते. मागे धडपडली, कोपर टेबलाच्या कडेवर आपटून फुटलं आणि ती तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. आम्ही पाणी आणतोय, रुमाल शोधतोय, तेवढ्यात बेल. दारात सोसायटीचे सेक्रेटरी काका! लेंगा, बंडी, हातात बॅटरी आणि मागे वॉचमन. रात्रीचा दीड वाजलेला. शूटिंगचं आम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं. परवानगी नाकारतील ही भीती. "आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" काकांचा पहिलाच प्रश्न.

दोन मिनिटांनी हाच प्रश्न मैत्रिणीनेही विचारला, पण अगदी हळू आवाजात. "तू मला सांगायला हवं होतंस. मी केलं असतं ना." आणि बॅग उचलून गेली.

आता गंमत बघा. (गंमत कसली, फजिती.) एवढं करून तो टेक वापरण्यासारखा नव्हताच! खरा घाबरलेला माणूस कॅमेऱ्याला चेहरा देत नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ती कुठे जाणार हे कॅमेरावाल्याला माहीत नव्हतं, त्यामुळे ती फ्रेमच्या बाहेर. लेन्स 50 एमएम, अॅपर्चर पूर्ण उघडं; असल्या वेळी फोकस काही बोटांच्या अंतरात असतो. तोही गेलेला. पडद्यावर काय उरलं? एक धूसर खांदा आणि किंचाळी.

क्रिस्टोफर नोलनची पहिली फिल्म 'फॉलोइंग', 1998 सालची. तीही मित्रमंडळींना घेऊन, सुट्टीच्या दिवशी शूट केलेली. फिल्मचा रोळ महाग, म्हणून प्रत्येक सीनच्या भरपूर तालमी करायच्या आणि एकदोन टेकमध्ये उरकायचं. हे मी नंतर वाचलं. मला चकवा सुचला होता, त्याला तालीम सुचली होती. एवढाच काय तो फरक!

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. लेक्चरला दोन बेंच पुढे बसायची. शेवटी मी तिच्या खोलीवर गेले, माफी मागितली, तो टेक दाखवला आणि 'हा मी डिलीट करतेय' म्हणून तिच्यासमोर डिलीट केला. ती म्हणाली, "फिल्म पूर्ण करू. पण यापुढे सीनमध्ये काय होणार ते सगळं आधी सांगायचं. सगळं." सांगितलं. चार वेळा तालीम केली. तिसऱ्या टेकला तिने रिकाम्या कपाटाकडे बघून असा काही श्वास रोखला की बूम धरणाऱ्याचा हात थरथरला. आणि काका? त्यांना रीतसर विचारलं, तर त्या रात्री जिन्यातला दिवा बंद करायला स्वतः मेन स्विचपाशी उभे! वरून विचारतायत, "तुम्ही अॅक्शन कधी म्हणणार?"

सप्टेंबरअखेर 'फायनल' वर्गात दाखवली. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेत मोबाइल उजळायला लागले. सातव्याला कुणीतरी जांभई दिली, अगदी आवाजासकट. शेवटची किल्ली आली तेव्हा दोघंतिघं 'ओह' म्हणाले. झालं. पंधरा सेकंदांचा 'ओह'.

मला सगळ्यात जास्त काय झोंबलं सांगू? याच विषयावर मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहून आले होते! हिचकॉकने 1962 साली फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण. दोघं जण गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पंधरा सेकंद. आता तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, भिंतीवर घड्याळ दाखवा. त्याच रटाळ गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. पहिलं सरप्राइज, दुसरा सस्पेन्स. पाचपैकी चार मार्क मिळाले होते मला. अक्कल शून्य!

ऑक्टोबरमध्ये 'अंधाधुन' लागला. दिग्दर्शक श्रीराम राघवन, आपल्याच एफटीआयआयचा विद्यार्थी. गोष्टही पुण्यातच घडणारी आणि बीज एका जेमतेम पाव तासाच्या फ्रेंच शॉर्टफिल्मचं. आम्ही दोघी गेलो. आयुष्मान पियानो वाजवतोय आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्रेत आवरलं जातंय. त्याला दिसतंय हे आपल्याला माहीत आहे, त्या दोघांना नाही. थिएटरमध्ये एकही मोबाइल उजळला नाही.

बाहेर टपरीवर चहा घेताना ती सहज म्हणाली, "तुला माहितीये, वस्तू हललेल्या दिसल्या ना, तेव्हा मी फक्त दचकले होते. खरी भीती नंतर वाटली. दुसरी किल्ली आहे हे कळल्यावर. ते शेवटचे आठ दिवस मी मॅगी करायचे, आईशी बोलायचे, सगळं नेहमीसारखंच. पण लक्ष सारखं दाराकडे."

मी चहा तिथेच ठेवला. अख्खी फिल्म तिने एका वाक्यात दुरुस्त केली होती. मी तिची गोष्ट घेतली होती आणि त्यातली भीती नेमकी उलट्या टोकाने धरली होती.

त्याच रात्री एडिटला बसलो. शेवटचा किल्लीचा शॉट उचलून पहिल्या मिनिटात टाकला. अंधारं घर, दार बाहेरून उघडतं, एक हात किल्ली आतल्या खिळ्याला अडकवतो. पावलं आतल्या खोलीत जातात. आणि मग ती घरी येते. बाकी एक फ्रेम बदलली नाही. तीच मॅगी, तोच आईचा फोन, तेच 'जेवलीस का?' फक्त किल्लीचा आवाज नवा केला, कारण खरी किल्ली फार किरकोळ वाजत होती. स्टीलच्या ताटलीत कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवून तो रेकॉर्ड केला.

पुन्हा वर्गात दाखवली. ती मॅगीचं पाकीट फोडतेय आणि मागच्या रांगेतून एक मुलगी न राहवून ओरडली, "अगं, मागे बघ ना!" जांभई देणारा माणूस पुढे सरकून बसला होता.

बक्षीसबिक्षीस काही मिळालं नाही हं. ग्रेड बी प्लस. साउंड मध्येमध्ये फाटलाय म्हणाले सर, आणि खरंच फाटला होता.

तर मावसभावाला मी एवढंच सांगितलं. बाबा रे, लपवायचंच असेल तर फक्त फिल्ममधल्या पात्रापासून लपव. प्रेक्षकाला सांग, तो तुझ्या बाजूने घाबरेल. नटांना सांग, ते जीव तोडून करतील. सोसायटीच्या काकांना तर सगळ्यात आधी सांग! तो जरा हिरमुसला. "पण मग शेवटी काय उरतं, ताई?" म्हटलं, तिचं काय होणार ते उरतं ना. लोक त्याच्यासाठीच थांबतात.

ती मैत्रीण आता बंगळुरूला असते, एका स्टार्टअपमध्ये. स्वतःचा फ्लॅट आहे, भाड्याचाच, पण आल्या दिवशी तिने पहिल्यांदा कुलूप बदललं. हा कॉलम पाठवण्याआधी मी तिला मेसेज केला, 'किल्लीबद्दल लिहू का?'

तासाभराने उत्तर आलं. 'लिही. या वेळी आधी विचारलंस, बरं वाटलं.'