परदेशी मराठी शिकवावयास जाताना

घोडेगावच्या एका वाचक गृहस्थांनी पत्राने कळविले आहे, की त्यांच्या धाकट्या सुनेची परदेशातील एका विद्यापीठात भाषासाहाय्यक म्हणून वर्षभरासाठी निवड झाली आहे. तेथील विद्यार्थ्यांकडून मराठी बोलण्याचा सराव करून घेणे हे तिचे काम. 'तयारी काय करावी?' असा त्यांचा प्रश्न. परंतु 'मुळात पाठवावे की नाही?' हा दुसरा प्रश्न पत्राच्या ओळींमधून डोकावतो, आणि खरा तोच आहे.

अशा नेमणुकांचे स्वरूप कळावे म्हणून अमेरिकेच्या फुलब्राइट योजनेचे उदाहरण घेऊ. तीतील भाषासाहाय्यकाचे काम सुमारे नऊ महिन्यांचे. आठवड्यास फार तर वीस तास शिकवावयाचे, आणि त्याबरोबर स्वतःही तेथील काही विषयांचा अभ्यास करावयाचा. म्हणजे जाणारी व्यक्ती अर्धी शिक्षिका व अर्धी विद्यार्थिनी असते.

आपल्याकडे ही गोष्ट अगदी नवी नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये विलायतेस गेल्या, त्या 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या उत्पन्नातून भाडे भरून. वाँटेज येथील मठात हिंदुस्थानात येऊ पाहणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे व मोबदल्यात राहण्याजेवण्याची सोय व्हावी, असा तो करार होता. पुढे चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्यांनी संस्कृतही शिकविले.

आता हे नाव निघताच वडील मंडळींच्या मनात काय येते, ते आम्ही जाणतो. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ज्यांना भय वाटत होते त्यांचे भय खरे ठरले. ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु त्या वेळची त्यांची स्थितीही पाहावी. वय पंचविशीचे, आईबाप, भाऊ व पती सर्व निवर्तलेले, पदरी दोन वर्षांची मुलगी, आणि अन्नवस्त्रासाठी आधार एका मठाचा. इतके असूनही त्यांनी स्वतःची बुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये असे बिशपांनी म्हणताच त्यांनी खडसावून उत्तर दिले, आणि धर्ममतांवर मठातील भगिनींशी पत्रांतून वाद घातला. आमच्या मते, परदेशाच्या वाऱ्यापेक्षा मागे घर नसणे हीच त्यांच्या कथेतील अधिक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. घोडेगावच्या सुनेच्या मागे भरलेले घर आहे. तिला आडकाठी करून ते घर अधिक मजबूत होईल असे आम्हांस वाटत नाही. खुशाल पाठवावे.

राहिली तयारी. मातृभाषा येते म्हणजे ती शिकविताही येते, हा समज प्रथम सोडावा. 'मी आंबा खाते' म्हणणारी तीच मुलगी काल 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी कैरी खाल्ली' म्हणाली. क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे का गेले, हे परका विद्यार्थी विचारणारच. संस्कृतातील 'मया फलं खादितम्' ही रचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना उत्तर हाताशी आहे. घरातील जाणत्यांनी ते सुनेस समजावून द्यावे. 'आम्ही जेवावयास जातो' म्हटले तर ऐकणारा उपाशी राहतो, 'आपण' म्हटले तर त्याचेही पान मांडले जाते. हाही भेद इंग्रजीत एका शब्दाने दाखविता येत नाही. 'जरा थांबा' यातील 'ज' दंततालव्य, तर म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' शब्दातील 'ज' शुद्ध तालव्य. लिपीत मात्र दोहोंस एकच अक्षर. आणि घरातून निघताना आपण 'येते' का म्हणतो, तांदूळ संपले असता ते 'वाढले' का म्हणतो? व्याकरणासाठी मोरो केशव दामले यांचे १९११ चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आणि शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश हे दोन ग्रंथ पुरेत. ग्रंथांचे ओझे याहून वाढवू नये. लोणच्याची बरणी नेण्याआधी त्या देशाच्या जकातीचे नियम तेवढे पाहावेत.

आपल्या नावाचे काय होईल, याचीही मनाशी तयारी असावी. परक्या जिभेवर 'ळ' आणि 'ण' सहज बसत नाहीत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. कोणी पाण्याच्या पोढी दिल्या, कोणी भिक्षूंसाठी भोजनमंडप. त्यांच्या घरी त्यांस काय म्हणत असतील कोण जाणे. आमच्याकडील प्राकृत बोलणाऱ्यांनी आपल्या जिभेस रुचेल तसे नाव केले, आणि दगडावर तेच राहिले. तेव्हा सुनेने रागावू नये. दोनदा उच्चार सांगावा, तिसऱ्यांदा हसून सोडून द्यावे.

पुस्तकी मराठीवरच मात्र तिने विसंबू नये. घरातील वृद्ध स्त्रिया दळणाकांडणाच्या, सणावारांच्या आणि नातवंडांस रागे भरण्याच्या वेळी जी भाषा बोलत आल्या, ती कोशात शोधून सर्वच सापडत नाही. हल्ली खिशातील फोनवर आवाज उतरवून घेता येतो. निघण्यापूर्वी रोज दुपारी घटकाभर आजेसासूबाईंजवळ बसून त्यांच्या लहानपणच्या गोष्टी तिने उतरवून घ्याव्यात. मध्येच त्या कोणावर ओरडल्या, तर तेही पुसू नये.